कळ काढ

वूच शहरात, नोव्हेंबरात, चौथ्या मजल्यावर
झेमोवित कळा उपटतो आहे.
तारेचा चिमटा दोन्ही कडांना, सरळ वर –
टक्.
एकशे चार पांढरे दात वर्तमानपत्रावर.
खाली धूळ, पावाचा चुरा
आणि एक लांब केस, जो त्याचा नाही.
केस तो फुंकून देत नाही. बाजूला ठेवतो.

रात्रपाळीत तो पाणीखात्याचे फोन घेतो.
फुटलेल्या नळांचे पत्ते टंकून टंकून
ए गुळगुळीत, झेड त्याहून गुळगुळीत,
क्यू मात्र कोरा करकरीत.
त्यांच्या भाषेत त्याला कुणी विचारत नाही.

जुन्या बाजारातलं इनॅमलचं पातेलं,
झाकणावर चिकटपट्टी : हे सूप नाही.
पाणी उकळीच्या जरा अलीकडे,
त्यात रंगाची पुडी, पॉलिएस्टरच्या कपड्यांची,
हे प्लास्टिकही तोच रंग पितं म्हणतात.
गडद निळा. इतका गडद
की अक्षरं बुडतील.
बुडू देत, बोटांना पाठ आहेत.

वास जिन्यानं खाली उतरला
आणि जिन्यानं गेनोवेफाबाई वर आल्या,
कठडा धरत, दर मजल्यावर थांबत.
दार उघडताच म्हणाल्या,
"मला वाटलं, कारखाना सुरू झाला."

एकोणीस वर्षं रंगखात्यात.
सोमवारी नखं निळी, गुरुवारी तांबडी,
लग्नाच्या दिवशी हिरवी –
"त्या आठवड्यात सैन्याची ऑर्डर होती, काय करणार?
फोटो काळापांढरा, म्हणून निभावलं."

पातेल्यात डोकावल्या.
"बटाटे?"
"कळा."
"कुणाच्या?"
त्यानं उघडा कीबोर्ड दाखवला,
बोडक्या हिरड्यांचा.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
माणसं कशाकशाला रंग देतात
हे त्यांना नवीन नव्हतं,
पण पगार न घेता?

मग कोट न काढताच त्यांनी डाव हातात घेतला.
भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाक.
गोल नको ढवळूस, आठाचा आकडा काढ,
तळाशी बसलेल्या जास्त पितात, वरच्या उपाशी राहतात.
आणि झाकण उघडून उघडून बघू नकोस.
जरा कळ काढ.

(हे त्या पोलिशमध्ये म्हणाल्या.
तिथं या शब्दाला एवढे खिसे नाहीत.
मराठीत आणताना माझ्याच हाताला लागले :
काढायची ती कळ, सोसायची तीही कळ,
भांडण उकरायचं तरी कळच.)

पंचवीस मिनिटं. चाळणी. गार पाणी.
सगळ्या सारख्या निघाल्या नाहीत.
एस्केप जवळजवळ काळी,
कर्सरच्या चार बाणांवर आभाळाचा नुसता संशय,
आणि स्पेसबार वाकली,
दोन्ही टोकं वर, पोट खाली.
झेमोवित चिडला. एवढी लांब पट्टी,
तीच बिघडायची होती?

गेनोवेफाबाई मात्र हसल्या, खोकला येईपर्यंत.
"होडी झाली रे!"
वूच म्हणजे होडी.
धड नदी नसलेल्या गावाचं नाव.
जे ओढे होते ते गाड्यांखाली गेले,
गटारांच्या झाकणांखाली वाहतात,
आणि वाहत होते तेव्हाही
त्यांचा रंग बघून बाईंना कळायचं
आज पाळी कुणाची.

जाताना त्यानं त्यांना क्यू दिला.
त्यांनी तो बोटाच्या टोकावर चढवला,
नखासारखा,
दिव्याखाली धरला.
"बरा चढलाय," एवढंच.
एकेक पायरी, थांबत, खाली.

रात्री दोनला फोन.
कुणीतरी वैतागलेलं, नळाला घाण पाणी.
झेमोवित पत्ता टंकतो,
दोन शब्दांमधल्या जागेत होडी डुलते,
कधी डावीकडे, कधी उजवीकडे,
क्यूच्या जागी एक भोक.
"पाणी कोणत्या रंगाचं आहे?" तो विचारतो.
हा प्रश्न फॉर्मवर नाही.
"रंगाचं काय घेऊन बसलात?" पलीकडून ओरडा.
"नाही, पण सांगा," तो म्हणतो,
"पिवळट, की तांबूस?"